वेपला शिव्या घाला, पण सिगरेट सोडणाऱ्याला मिलिग्रॅमचा हिशोबही सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात वेपिंगवर, म्हणजे निकोटिनचं लिक्विड तापवून त्याची वाफ ओढायच्या ई-सिगरेटवर, आलेला लेख ऑनलाइन वाचला. शाळेतल्या पोरांकडे सापडणाऱ्या रंगीबेरंगी वेपबद्दल जे लिहिलंय ते शंभर टक्के पटलं, पण वीस वर्षं सिगरेट फुंकणारा माणूस आणि नववीतलं पोरगं या दोघांना एकाच काठीने हाकलंय ते काही पटलं नाही, म्हणून हे पत्र. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. पुण्यात कॉलेजच्या टपरीवर चहाबरोबर लागलेली सिगरेट इथे सोबत घेऊन आलो होतो, ती सुटली वेपवर, आणि मग वेपमधलं निकोटिन हळूहळू उतरवत शून्यावर आलं.

इथे वेप म्हणजे मोकळं रान आहे असं तिकडे बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. निकोटिन एका मिलीला २० मिलिग्रॅमच्या वर विकता येत नाही, टाकी २ मिलीपेक्षा मोठी नको, निकोटिनवाली बाटली १० मिलीपेक्षा मोठी नको, १८ च्या आतल्यांना विकायचं नाही, आणि वापरून फेकायचे डिस्पोजेबल तर १ जून २०२५ पासून बंदच झाले. पण जो आधीच सिगरेट ओढतोय त्याला २०२३ मध्ये जाहीर झालेल्या 'स्वॅप टू स्टॉप' योजनेत वेपचं किट फुकट मिळू लागलं. स्टॉप स्मोकिंग सर्व्हिसला (सिगरेट सोडवायला मदत करणारी सेवा) गेलं की समोरच्या बाई एका छोट्या मशीनमध्ये फुंकायला लावतात आणि श्वासातला कार्बन मोनॉक्साइड आकड्यात दाखवतात. सिगरेट बंद केली की तो आकडा एक-दोन दिवसांत धपकन खाली येतो, वेप चालू असला तरी, कारण वेपमध्ये काही जळत नाही. कॅन्सर मुख्यतः जळालेल्या तंबाखूच्या धुरातून येतो, निकोटिन तुम्हाला त्या धुराला बांधून ठेवतं. अर्थात निकोटिन काही तीर्थप्रसाद नाही, नाडी वाढवतं, बीपी वाढवतं, कोवळ्या वयात मेंदूला वाईट, आणि वेपचे दूरचे परिणाम कळायला अजून वेळ लागेल. जो ओढतच नाही त्याने वेपला हात लावू नये असं इथले डॉक्टर पण सांगतात.

आता मुद्द्याचं. २०१९ मध्ये इंग्लंडमधल्या जवळजवळ नऊशे लोकांवरचा एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. वेप दिलेल्यांपैकी १८ टक्के लोक वर्षाने सिगरेटमुक्त होते, निकोटिनची गम, पॅच वगैरे घेणाऱ्यांत ९.९ टक्के. वेपवाले हा आकडा मिरवतात, पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कोणी सांगत नाही, वेपने सिगरेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही वेप ओढतच होते. म्हणजे सिगरेट सुटली पण निकोटिन मानगुटीवर तसंच. इथून पुढचा रस्ता कोणी नीट समजावत नाही, दुकानदार तर नाहीच नाही, त्याला बाटल्या खपवायच्यात.

लोक काय करतात, १२ चं (एका मिलीला १२ मिलिग्रॅम निकोटिनचं) लिक्विड चालू असतं, एक दिवस जोशात ६ चं आणतात आणि मित्रांना सांगतात निकोटिन अर्धं केलं. शरीर एवढं भोळं नसतं हो! झुरके लांब होतात, अंगठा बटणावरून हलत नाही, आधी दिवसभर पुरणारी टाकी दुपारीच रिकामी, लिक्विड तापवणाऱ्या कॉइलला जळका वास. हिशोब करा ना, १२ चं २ मिली ओढलं तर टाकीतून २४ मिलिग्रॅम गेलं, आणि ६ चं ४ मिली ओढलं तरी २४ च गेलं. कमी काय झालं, फक्त पैसे जास्त गेले. म्हणून बाटलीवरच्या आकड्याबरोबर दिवसाला किती मिली संपतंय तेही बघायला पाहिजे, ते वाढायला लागलं की समजायचं उडी फार मोठी झाली. मी तर ओट्यावर उभा राहून १२ आणि ६ च्या बाटल्या अर्ध्या-अर्ध्या मिसळून ९ चं करायचो, बायको म्हणायची हे काय होमिओपॅथीचं दुकान मांडलंय. पण जमलं ते त्या मधल्या पायरीमुळेच.

दुसरं म्हणजे वेळा. उठल्या उठल्या पाच मिनिटांत तलफ येत असेल तर व्यसन पक्कं मुरलेलं असतं, डॉक्टर पण हा प्रश्न आधी विचारतात. तो सकाळचा पहिला झुरका आधी आंघोळीनंतर, मग ऑफिसला पोचल्यावर, असा पुढे ढकलत न्यायचा. आणि मिलिग्रॅम उतरवायची घाई नको, हे मी चारचारदा सांगेन. अंगावर आलं तर एक पायरी वर चढा पण सिगरेटच्या पाकिटाकडे वळू नका, आणि एकीकडे वेप अन् एकीकडे चार सिगरेट असं दोन्ही डगरींवर पाय ठेवून उगाच स्वतःची समजूत घालू नका. आधी सिगरेट पूर्ण शून्य, निकोटिनचं नंतर बघू.

हे वाचून कोणी म्हणेल, मग आम्हालाही वेप द्या. तर तसं नाही. भारतात सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि मग डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने वेप बनवणं, विकणं, आयात करणं, जाहिरात करणं सगळं बंद आहे, पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. माझे मावसभाऊ दरवेळी फोनवर म्हणतात येताना दोन-चार घेऊन ये रे, मी सरळ नाही म्हणतो. आणि चोरून जे मिळतं त्यात २० आहे का ५० हे तपासणार कोण, मग पायरी-पायरीने उतरवायचं कशाच्या भरवशावर? सिगरेट मात्र पानटपरीवर सुट्टी मिळते, हा विनोद वेगळाच.

पण हीच शिडी तुमच्याकडे केमिस्टच्या काउंटरवर आहे. निकोटिनचे पॅच २१, १४, ७ मिलिग्रॅम असे उतरतेच येतात, गम २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ची डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. गम चघळायची मात्र चुइंगमसारखी नाही, थोडी चावून गालात धरून ठेवायची, नाहीतर मळमळतं आणि माणूस म्हणतो काही उपयोग नाही. तंबाखू खाणाऱ्यांनाही गमचा उपयोग होऊ शकतो, आणि महाराष्ट्रात तेच जास्त आहेत, २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत ओढणारे प्रौढ ३.८ टक्के आणि तंबाखू-मिश्री वगैरे वापरणारे २४.४ टक्के होते. त्यांच्याबद्दल लेखात एक ओळ नव्हती, सगळा रोख वेपवर.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी वेपवर छापाल तेव्हा शेजारी गम-पॅच कसे उतरवत न्यायचे याची चौकट कोणा डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि खाली १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा फुकट नंबर टाका. तो पाकिटावर छापलेला असतो, पण पाकीट हातात घेतलेला माणूस तिथे कुठे बघतो.

आपला,
एक नियमित वाचक,
रेडिंग, इंग्लंड