कमोडची सीट बिजागरीपाशीच का तुटते?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

एसटी स्थानक, सरकारी दवाखाना, तहसील कचेरी, मंगल कार्यालय, कुठेही कमोडच्या संडासाचे दार उघडा. सीट असलीच तर एका बिजागरीवर तिरकी लोंबत असते, नाहीतर नुसते चिनी मातीचे भांडे आणि मागच्या कडेला दोन रिकामी भोके. विचारले की ठरलेले उत्तर मिळते, ‘लोक नीट वापरत नाहीत.’ हे अर्धेच खरे आहे. तुटलेल्या सीट एकापुढे एक मांडून पाहिल्या तर बहुतेकींची मोडण्याची जागा एकच निघते, मागची बिजागरी. एकच जागा पुन्हा पुन्हा मोडत असेल तर दोष रचनेत आणि बसवण्यात शोधायला हवा. तो सापडतो आणि थोड्या खर्चात दूरही होतो, म्हणून हे पत्र.

कमोड लागतो कुणाला? गुडघ्याचे किंवा खुब्याचे ऑपरेशन झालेल्यांना, संधिवात असलेल्यांना, दिवस भरत आलेल्या बायकांना, अर्धांगवायूतून उठलेल्यांना. यांतल्या बहुतेकांना उकिडवे बसता येत नाही. सीट नसली की ओल्या, अरुंद कडेवर बसायचे किंवा मांड्यांच्या जोरावर अधांतरी राहायचे. यांच्या पायांत नेमका तोच जोर नसतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्याप्रमाणे दारावर व्हीलचेअरचे चित्र लागले, भिंतीला दांडाही लागला, पण आत सीट नाही, तर ते संडास त्या माणसाला बंदच आहे.

आता मोडते का ते पाहू. सीटवर पडलेले वजन भांड्याच्या कडेवर उतरले पाहिजे. बिजागरीने सीट जागेवर धरायची आणि उचलू द्यायची, एवढेच. वजन कडेवर उतरवण्यासाठी सीटच्या पोटाला रबरी गुटके असतात, सहसा चार. हे गुटके भोकात दाबून किंवा नुसते चिकटवून बसवलेले असतात. रोजचे पाणी आणि ॲसिड यांनी पकड सुटते, एक गुटका गळून पडतो आणि झाडलोटीत केरात जातो. तेव्हापासून सीट डुगडुगणाऱ्या चौरंगासारखी होते. गुटका गेलेल्या बाजूला माणूस बसला की ती बाजू खाली जाते आणि विरुद्ध बाजूची बिजागरी वर खेचली जाते. प्रत्येक बसण्याला एक हिसका. बाहेरून सीट धडधाकट दिसते आणि आत बिजागरीच्या मुळाशी केसाएवढी भेग सुरू झालेली असते.

दुसरे कारण आपल्या वापराचे आहे आणि परदेशी नमुने जसेच्या तसे उचलणारे कारखाने ते लक्षात घेत नाहीत. आपण पाण्याने धुतो. पाण्याचा मग असो वा जेटची तोटी, हात पोचावा म्हणून माणूस एका मांडीवर कलतो आणि थोडा पुढे सरकतो. म्हणजे दर वापरात सीटला आडवा रेटा बसतो. व्हीलचेअरवरून सरकून बसणाऱ्याचा रेटा तर याहून मोठा, कारण त्याचे सगळे वजन आधी कडीच्या, म्हणजे सीटच्या बसायच्या गोल पट्टीच्या, एकाच बाजूवर येते. हा रेटा रोखायला सीटला दोन बोल्टांखेरीज काहीही नसते.

त्या बोल्टाची जागा नीट निरखण्यासारखी आहे. भांड्याचे भोक साधारण १५ मिमीचे आणि त्यातून जाणारा बोल्ट ६ किंवा ८ मिमीचा. उरलेली जागा भरायला शंकूच्या आकाराचे रबरी बूच द्यायला हवे. पुष्कळ स्वस्त संचांत ते नसते, नुसती चपटी चकती असते. मग बोल्ट त्या भोकात तीन-तीन मिमी इकडेतिकडे फिरतो, रोज थोडा थोडा सैल होतो. सैल झाला म्हणून कुणीतरी पाना लावून करकचून आवळतो. चिनी मातीला असा ताण सोसत नाही, भोकापासून कडेपर्यंत तडा जातो. सीटपायी अख्खे भांडे बदलावे लागते.

म्हणून सार्वजनिक जागेसाठी सीट कशी असावी ते सांगतो. एकाच तुकड्यात घडवलेली कडी, झाकण नाही. झाकणावर लोक कपडे बदलायला बसतात, पिशवी ठेवतात. ते मधोमध तुटते आणि तुटताना बिजागरीही नेते. हळू मिटणारी, म्हणजे सॉफ्ट क्लोज सीटही इथे नको. तिच्या बिजागरीत घट्ट ग्रीसचा दाब असतो. नवखा माणूस ती हाताने रेटून खाली दाबतो, की तो दाब कायमचा गेला. घरी ती चांगली, गर्दीच्या जागी पैसे वाया. कडीची पट्टी ८ ते ९ सेंटिमीटर रुंद आणि जाडीला १८ ते २० मिमी असावी. खालचे पोट बंद हवे. खालून उघडे आणि आडव्या फासळ्यांचे पोट असेल तर त्या खणांत लघवी आणि मळ साचतो, ब्रश पोचत नाही आणि वास कितीही धुतले तरी जात नाही. कडी पुढच्या बाजूला सात-आठ सेंटिमीटर उघडी ठेवावी. धुताना हात आत जायला जागा मिळते आणि सर्वांत जास्त घाण होणारा भागच नाहीसा होतो.

गुटके चार नकोत, सहा हवेत, आणि ते आरपार खाचेत अडकवलेले किंवा स्टीलच्या स्क्रूने कसलेले हवेत. चिकटवलेले अजिबात नकोत. मधल्या दोन गुटक्यांना आतल्या अंगाने ओठ ठेवावा, १० ते १२ मिमी खाली उतरलेला आणि चारेक सेंटिमीटर लांब. तो भांड्याच्या कडेला आतून दोन-तीन मिमी अंतरावर राहील असा बेतावा. सीट आडवी सरकू लागली की हा ओठ कडेला टेकतो आणि रेटा बोल्टावर न जाता थेट भांड्यावर जातो. साध्या सीटमध्ये करायचा एकच बदल निवडायचा झाला तर आम्ही हा निवडू. दुसरी गोष्ट बिजागरीच्या पिनेची. तिच्या भोकाला वर-खाली दीड-दोन मिमी खेळ, म्हणजे हलायला मोकळी जागा, ठेवावा. माणूस बसला की रबर दबते आणि सीट तेवढी खाली जाते. पीन घट्ट असेल तर सीट पिनेवर लटकते. खेळ असेल तर पिनेवर वजन येतच नाही.

कशाची बनवावी? बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. पॉलिप्रॉपिलीन हलके आणि लवचिक, ॲसिडला दाद न देणारे. पण पातळ असेल तर वाकते, ओरखडे पडतात आणि उन्हात पिवळे होते. युरिया फॉर्मल्डिहाइड कडक आणि चकचकीत, सहसा ओरखडत नाही; पण आपटले की टिचते आणि तुटलेली कड चामडी कापते. सार्वजनिक जागेला आमचे मत जाड पॉलिप्रॉपिलीनला. दाबलेल्या लाकडी भुश्श्याची रंगवलेली सीट आपल्या ओल्या संडासात घेऊच नये. रंगाला एक टवका गेला की तिथून पाणी शिरते आणि ती पावासारखी फुगते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस २५४८ हे मानक प्लॅस्टिकच्या सीटसाठीच आहे, त्याचा पहिला भाग थर्मोसेटचा, म्हणजे युरिया फॉर्मल्डिहाइडसारख्या पुन्हा न वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा, आणि दुसरा थर्मोप्लास्टिकचा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनसारख्या तापवल्यावर वितळणाऱ्या प्लॅस्टिकचा. निविदेत मानकाचा क्रमांक लिहावाच, पण बसवण्याच्या अटी त्याखाली वेगळ्या घालाव्यात.

बोल्टाबाबत एक गैरसमज आहे. ‘नायलॉनचा बोल्ट टाका, गंजणार नाही’ असे सर्रास सांगितले जाते. गंजत नाही हे खरे, पण संडास साफ करायच्या द्रवात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते आणि ते नायलॉन खाते. बोल्ट पांढरट पडतो, ठिसूळ होतो आणि एक दिवस डोके तुटून हातात येते. मुलामा दिलेला लोखंडी बोल्ट तर भोकातच गंजून बसतो, मग करवतीने कापावा लागतो. आमची पसंती ३१६ प्रतीच्या, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या, स्टेनलेस स्टीलचा ८ मिमी बोल्ट, वर प्लॅस्टिकची टोपी, भोकात शंकूचे बूच आणि खालून मोठा पंखांचा प्लॅस्टिक नट. पंखांचा नट हातानेच आवळला जातो, त्यामुळे भांडे फुटण्याची भीतीही जाते. ३१६ जरा महाग पडते, पण संडासात दोनच बोल्ट असतात.

ॲसिडने स्टीलही खराब होते हे मात्र विसरू नये. खाऱ्या पाण्याच्या गावात भांड्यावर पिवळा थर चढतो आणि ॲसिडशिवाय निघत नाही, हे मान्य. तेव्हा आधी सीट उचलायची, ॲसिड भांड्याच्या आतच घालायचे, भरपूर पाणी ओतायचे आणि मग सीट खाली करायची. सीट आणि बिजागरी साबणाच्या पाण्यानेच पुसायची. ॲसिडवर ब्लीचिंग पावडर कधीच टाकू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद खोलीत सफाई कामगाराच्या जिवाशी येते.

सीट मागवण्यापूर्वी भांड्याची तीन मापे घ्यावीत. दोन भोकांच्या मध्यांतले अंतर, जे बहुधा १४ ते १६ सेंटिमीटर भरते. भोकांच्या रेषेपासून पुढच्या कडेपर्यंतची लांबी. आणि भांड्याची सर्वांत जास्त रुंदी. ‘युनिव्हर्सल’ लिहिलेली सीट आणून बसवली की पुढे दोन सेंटिमीटर बाहेर येते किंवा आत राहते, गुटके कडेवर न टेकता हवेत राहतात आणि वर सांगितलेले सगळे पुन्हा सुरू होते. आणखी एक बघावे. सीट उभी केल्यावर ती काटकोनाच्या जरा मागे झुकून राहिली पाहिजे. फ्लशची टाकी फार पुढे असेल तर सीट मागे जात नाही, धाडकन खाली पडते आणि रोज आपटून फुटते. अशा ठिकाणी टाकीच हलवावी लागेल, सीट बदलून उपयोग नाही.

बसवताना बोल्ट आधी हातानेच सैल लावावेत, सीट खाली करून ती कडेवर मधोमध आणावी, आणि मग दोन्ही नट आलटून पालटून आवळावेत. हाताने घट्ट झाल्यावर जास्तीत जास्त अर्धा वेढा. मग वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घेऊन प्रत्येक गुटक्याखाली सरकवून पाहावी, कुणीतरी सीटवर बसलेले असताना. पट्टी जिथे सहज ओढून निघते तो गुटका टेकलेला नाही. तिथे पातळ रबरी चकती घालावी. या तपासणीला पाच मिनिटे लागतात. बिल मंजूर करणाऱ्या अभियंत्याने ती स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नये, अशी आमची विनंती आहे.

सीटवर पाय देऊन उकिडवे बसणाऱ्यांचे काय, हा प्रश्न उरतो. टाचांखाली दोनच ठिकाणी सगळे वजन येते आणि ते गुटक्यांच्या मध्ये येते. सहा गुटक्यांची जाड कडी हे बऱ्याच अंशी सोसते. पण भांडे फुटले तर त्याच्या कपच्या सुरीसारख्या असतात, मांडीला खोल जखम होते. लोक वर चढतात ते बहुधा घाणीच्या किळसेने आणि सवयीने. म्हणून कमोडशेजारच्या खोलीत भारतीय बैठकीचे भांडे असलेच पाहिजे, आणि कोणत्या दारामागे काय आहे ते बाहेर चित्राने दाखवले पाहिजे. अँग्लो इंडियन भांडे, ज्यावर बसताही येते आणि पाय ठेवून उकिडवेही होता येते, ते गर्दीच्या जागी आम्हाला पटत नाही. ओल्या पायांनी उंचावर चढायला लावणारी वस्तू म्हाताऱ्या माणसांसाठी लावू नये.

नगरपालिका, एसटी, रुग्णालये आणि गृहनिर्माण संस्था यांनी पुढच्या खरेदीत एक अट जरूर घालावी. एका इमारतीत सगळीकडे एकाच नमुन्याचे भांडे आणि एकाच नमुन्याची सीट. दर दहा सीटमागे गुटक्यांचे दोन जादा संच, चार बोल्ट आणि चार बुचे सुटे मागवावीत आणि ती कोठीत कुलपात न ठेवता सफाई पर्यवेक्षकाच्या हाती द्यावीत. महिन्यातून एकदा सीट उचलून गुटके मोजावेत. पाच भरले तर सहावा त्याच दिवशी लावावा, बिजागरी मोडण्याची वाट पाहू नये.

आपले,
सार्वजनिक इमारतींच्या देखभालीत काम करणारे काही प्लंबर आणि पर्यवेक्षक, नाशिक