सूचना : रविवारी सकाळी शेतावर यायचं आहे

मंडळी, नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी 7 वाजता हिंगण्याजवळच्या आपल्या शेतावर जमायचं आहे. तत्त्वज्ञानात एम.ए. करून शेतीत उतरलेल्या आणि आता आपला भाजीगट सांभाळणाऱ्या ताई बोलणार आहेत : या कामावर घर कसं चालतं, पैसा कुठून येतो, कुठे अडतो. सुरुवात पवनारला विनोबांनी बैलांशिवाय केलेल्या ऋषीशेतीपासून. बारावीतली मुलं घरी असतील तर जरूर आणा. ही वाट त्यांना कुणी दाखवत नाही.

- विळा, टोपी, पाण्याची बाटली सोबत हवी.
- वाफ्यात पाय टाकू नका. मागच्या वेळी सांबाराचे (कोथिंबिरीचे) कोवळे कोंब तुडवले गेले, फार वाईट वाटलं.
- जेवण झुणका-भाकर. किती जण येणार ते शुक्रवारी रात्रीपर्यंत कळवा.