शिसं नेमकं कुणाच्या बाजूनं?

मा. संपादक,
स. न.

कालच्या क्रीडा पानावर कॅटमरानच्या, म्हणजे दोन हलच्या (सांगाड्यांच्या) शिडाच्या बोटींच्या, शर्यतींना अर्धं पान दिलंत, आभार. पण ‘हलक्या जोडीला शिसं दिलं की स्पर्धा समान होते’ हे वाक्य छापण्याआधी कुणा शिडवाल्याला विचारलं होतं का?

होबी 16 या दोघांनी चालवायच्या कॅटमरानच्या जागतिक स्पर्धेत दोघांचं मिळून किमान वजन 129.3 किलो लागतं. जोडी 110 किलोची असेल तर 19.3 किलो शिसं बोटीवर बांधून न्यायचं. मंद वाऱ्यात हलकी बोट पुढे सटकते, तो फायदा हे शिसं काढून घेतं. बस, तेवढंच. वारा जोराचा झाला, 18-20 नॉटवर गेला की बोट दाबून धरतो तो ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला, बाहेर लटकलेला माणूस. लीवर्ड (वाऱ्याच्या पलीकडच्या) हलपासून त्याचं वजन जवळपास 3 मीटरवर पडतं, मास्टच्या (डोलकाठीच्या) पायाशी बांधलेलं शिसं जेमतेम मीटरभरावर. म्हणजे त्या 19 किलोंचं काम तिसऱ्या हिश्शाचं. जड जोडी मेनशीट (मोठ्या शिडाचा दोर) आवळून निघून जाते आणि हलकी जोडी तोच दोर सोडत, त्याची सरकती कडी (ट्रॅव्हलर) खाली देत मागे राहते. उलटलीच, तर 145 किलोची बोट सरळ करताना शिशाचा काडीचा उपयोग नाही. मंद वाऱ्यात जडांचं नुकसान भरून द्यायचं आणि जोराच्या वाऱ्यात हलक्यांनी आपलं आपण बघायचं, याला समानता म्हणतात होय? वर लेखात, वजनाचा हा संबंध न बघता, ‘मुली खुल्या गटात उतरत नाहीत’ अशी हळहळ!

फॉर्म्युला 18 या दुसऱ्या कॅटमरानवाल्यांनी वजनाप्रमाणे शिडंच बदलली: 150 किलोच्या आतल्या जोडीला 3.45 चौ. मी. जिब (पुढचं लहान शीड) आणि 19 चा स्पिनेकर (फुगणारं मोठं शीड), त्यावरच्यांना 4.15 आणि 21. होबीत शिडं एकाच मापाची, त्यामुळे तिथे हे जमणार नाही, कबूल.

होबीच्या जागतिक स्पर्धेची खरी खुबी वेगळीच आहे. बोटी आयोजकांच्या, शर्यतीगणिक बदलून मिळणाऱ्या. स्पर्धक हार्नेस (ट्रॅपीझला अडकवायचा पट्टा) आणि लाइफजॅकेट घेऊन आला की झालं. बोट विकत घेण्याची ऐपत नसलेल्यांना दार उघडतं ते इथे, आणि लेखात त्यावर एक अक्षर नाही. ‘आपापली बोट आणा’ म्हटलं की काय होतं? जुन्या हलच्या फोमनं पाणी धरलेलं, रडरच्या (सुकाणूच्या) पिनांत खेळ, मेनसेल (मोठं शीड) ताणून पोट सुटलेलं. शेजारी कोऱ्या शिडांची बोट. निदान हल वजनकाट्यावर घाला म्हणावं, तर आयोजकांना वेळ नसतो. वजनकाटा भाड्यानं मिळतो, साहेब.

जाता जाता, लेखासोबतचा फोटो कॅटमरानचा नाही, 49ईआरचा आहे. दोन्ही बाजूंचे पंख पाहून फसगत झाली असेल, पण हल एकच आहे, मोजून बघा. शिवाय कॅटमरान ‘1976 पासून सलग ऑलिंपिकमध्ये’ हेही चूक. टोर्नाडो ही कॅटमरान 2008 नंतर गेली, 2012 ला कॅटमरान नव्हतीच आणि नाक्रा 17 ही दुसरी आली 2016 ला. दुरुस्ती छापणार असाल तर फोटोसकट छापा.

आपला,
एक जुना मेजरर (शर्यतीच्या बोटी मापणारा), मुंबई