अचूक मोजमापासाठी लघुउद्योगांना सामायिक कक्ष मिळावा : मा. उद्योगमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये माझा चार मशिनांचा छोटा कारखाना आहे. गेल्या मे महिन्यात अ‍ॅल्युमिनियमच्या 40 पातळ रिंगांची खेप ग्राहकाकडून परत आली. आतला व्यास 100 मिलिमीटर आणि टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, अधिक-उणे 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आमच्या पोलादी गेजवर (माप तपासायच्या साधनावर) प्रत्येक रिंग बरोबर भरत होती, त्यांच्या मोजणी-कक्षात मात्र तीच सुमारे 14 मायक्रॉनने कमी भरली. वाद घालायला जागाच नव्हती. लांबीची मापे जगभर 20 अंश सेल्सिअस तापमानाला धरतात, आमच्या शेडमध्ये त्या दिवशी 32 अंश होते, आणि अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. म्हणून 20 अंशांवर थंड होताना रिंग आमच्या गेजपेक्षा जास्त आकसली.

शिवाय अशा पातळ रिंगेत गेजची टोके टेकली की भिंत किंचित ताणली जाते, म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच माप बदलते. यावर उपाय म्हणजे स्पर्श न करता, प्रकाशाने मोजणे. लेझर ट्रायअँग्युलेशन सेन्सरमध्ये जॉबवर, म्हणजे मोजायच्या वस्तूवर, पडलेल्या लेझरच्या ठिपक्याचे प्रतिबिंब भिंगातून प्रकाशग्राही पट्टीवर उमटते आणि पृष्ठभाग वर-खाली झाला की ते पट्टीवर सरकते. त्या सरकण्यावरून अंतर काढतात. मात्र जॉब आरशासारखा चकचकीत असला की आकडे उड्या मारू लागतात, आणि फिनिशिंगनंतर आमच्या रिंगा तशाच असतात. तिथे कॉन्फोकल क्रोमॅटिक सेन्सर कामाचा. पांढऱ्या प्रकाशातला प्रत्येक रंग तो मुद्दाम वेगवेगळ्या अंतरावर केंद्रित करतो (कॅमेऱ्याच्या भिंगात हाच दोष घालवण्यासाठी केवढा खटाटोप चालतो!) आणि सूक्ष्म छिद्रातून जो रंग सर्वांत ठळकपणे परत येतो, त्यावरून पृष्ठभागाचे अंतर कळते.

हे सेन्सर आज बाजारात मिळतात. माझ्यासारख्याला न परवडणारी गोष्ट म्हणजे ते जिथे खरे बोलतील अशी खोली : रात्रंदिवस 20 अंशांवर राखलेली, प्रेसच्या धक्क्यांपासून दूर, जॉब काही तास ठेवून त्याचे तापमान स्थिरावू देणारी. महिन्यातून दहा तास लागणाऱ्या अशा खोलीवर एकट्या कारखान्याने खर्च करणे व्यवहारात बसत नाही.

म्हणून विनंती अशी, की समूह विकास योजनेतील सामायिक सुविधा केंद्राच्या धर्तीवर वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यात, रबाळे-महापे परिसरात, असा एक कक्ष उभारावा. तो तासाच्या दराने मिळावा, त्याच्या अहवालाला एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असावी, आणि यंत्राच्या निविदेआधी ते चालवणाऱ्या माणसांची पदे मंजूर व्हावीत. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली धूळ खात बसलेली महागडी यंत्रे मी पाहिली आहेत. खरेदी झाली होती, ऑपरेटर नव्हता. आयटीआयमधून येणारी मुले व्हर्नियर आणि मायक्रोमीटर उत्तम हाताळतात, त्यांना इथेच सहा महिने बसवले तर ती हेही शिकतील.

परत आलेल्या रिंगा मी भंगारात घातलेल्या नाहीत. आपल्या विभागाचे अधिकारी पाहणीला आले, तर त्याच रिंगा सकाळी आठला आणि दुपारी दोनला त्यांच्यासमोर मोजून दाखवीन.

कळावे.

आपला विश्वासू,
वागळे इस्टेट, ठाणे येथील एक लघुउद्योजक