काजवा दर्शन सहलीत मध्यरात्रीनंतरही सुरू ठेवलेल्या ध्वनिवर्धकाबाबत तक्रार

प्रति,
मा. संचालक व ग्राहक सेवा प्रमुख,
पुणे कार्यालय.

विषय : भंडारदरा येथील काजवा दर्शन व तंबू-मुक्काम सहलीत आयोजकांकडूनच झालेला गोंगाट, त्याबाबत नुकसानभरपाई आणि पुढील सहलींसाठी लेखी हमी मिळण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीने मे महिन्याच्या अखेरीस भंडारदरा जलाशयाच्या काठी आयोजित केलेल्या एका मुक्कामाच्या सहलीत मी, माझे वडील आणि माझी सात वर्षांची मुलगी असे तिघे सहभागी झालो होतो. गाडी वेळेवर सुटली, तंबू स्वच्छ होते, जेवणाला नाव ठेवायला जागा नव्हती आणि आपले तरुण स्वयंसेवक कामाला तत्पर होते, हे मी आधीच नमूद करते, कारण माझी तक्रार या कशाबद्दलही नाही. माझी तक्रार आवाजाबद्दल आहे. हा आवाज काही बेशिस्त प्रवाशांनी केलेला नव्हता, तर आपल्या कंपनीने स्वतः साहित्य आणून, कार्यक्रमपत्रिकेत वेळ राखून आणि सहलप्रमुखांच्या देखरेखीखाली केलेला होता, म्हणूनच हे पत्र मी सहप्रवाशांना दोष न देता आपल्याला लिहीत आहे.

नोंदणी करताना आपल्या जाहिरातीत शहराच्या गोंगाटापासून दूर, जंगलाच्या शांततेत घालवलेली रात्र असे वर्णन होते. माझे वडील आयुष्यभर पक्ष्यांच्या आवाजांत रमलेले आहेत. आता त्यांना डोंगर चढवत नाही, पण एका जागी बसून रात्रीचे जंगल ऐकता येईल, या आशेने ते आमच्याबरोबर आले. मुलीला काजवे पाहायचे होते. हे दोन्ही हेतू मी नोंदणीच्या वेळी आपल्या प्रतिनिधीला दूरध्वनीवर सांगितले होते आणि त्यांनी ही सहल अगदी तशीच असल्याचे आश्वासन दिले होते. रात्री गाणी-नृत्याचा कार्यक्रम असेल, त्यासाठी मोठी ध्वनियंत्रणा आणलेली असेल, याचा उल्लेख जाहिरातीत, पावतीवर किंवा नंतर आलेल्या सूचनांमध्ये कुठेही नव्हता.

संध्याकाळी काजवे पाहण्यासाठी आम्हाला झाडीत नेले, तिथूनच याची सुरुवात झाली. हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. वनखात्याच्या नाक्यावर वनरक्षकाने आमच्या गाडीत डोकावून हॉर्न वाजवू नका, गाणी लावू नका, असे स्पष्ट सांगितले होते. तरीही पायवाटेने निघाल्यावर आपल्या एका स्वयंसेवकाच्या पाठीवरच्या पिशवीत स्पीकर वाजत होता. वडिलांनी त्याला विनंती केली तेव्हा त्याने आवाज थोडा कमी केला आणि दहा पावलांवर पुन्हा वाढवला. हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारो काजवे एकाच तालात उजळत आणि विझत होते, आणि ज्या दृश्यापुढे माणूस आपणहून गप्प होतो, तिथे आमच्या गटात चित्रपटातील गाणे चालू होते. शेजारच्या वाटेवर दुसऱ्या एका गटातील लोक खाली बसून निःशब्दपणे पाहत होते. त्यांच्यापैकी एका आजींनी आमच्याकडे पाहून हात जोडले, तेव्हा मला आमच्या सगळ्यांच्या वतीने अतिशय संकोच वाटला.

मुक्कामी परतल्यावर जेवणानंतर दहाच्या सुमारास दोन मोठे स्पीकर आणि फिरते रंगीत दिवे सुरू झाले, ते मध्यरात्र उलटून गेल्यावरही बंद झाले नाहीत. आमचा तंबू त्या जागेपासून साधारण वीस मीटरवर होता. मुलगी दोनदा दचकून उठली आणि नंतर झोपलीच नाही. मी सहलप्रमुखांकडे गेले, तेव्हा ते सौजन्याने बोलले, पण सगळ्यांना मजा येते आहे, हवे तर तुमचा तंबू आणखी मागे हलवून देतो, एवढाच उपाय त्यांनी सुचवला. आम्ही तंबू हलवला, पण त्याने काहीही साधले नाही, आणि ते का साधणार नव्हते हे आपल्यासारख्या व्यावसायिक आयोजकांना माहीत असले पाहिजे.

मोकळ्या जागेत ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. म्हणजे वीस मीटरवरून चाळीस मीटरवर गेल्याने मिळाले ते एवढेच. अशा मोठ्या स्पीकरजवळ, एका मीटरवर, 100 डेसिबलचा आवाज सहज असतो. त्याच हिशेबाने सव्वाशे मीटरवरही तो 58 डेसिबलच्या आसपास राहतो, तर निवासी क्षेत्रासाठी रात्रीची विहित मर्यादा 45 डेसिबल आहे. त्यात जलाशयाचा काठ म्हणजे आवाजाला मोकळे रान! पाण्यावर झाडे नाहीत, भिंती नाहीत, आणि सूर्यास्तानंतर पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहिली की वर जाणारा ध्वनी खाली वळून पाण्याच्या पृष्ठभागालगत दूरवर पोहोचतो. शहरातल्या सभागृहात जो आवाज चार भिंतींत राहिला असता, तो इथे पलीकडच्या काठावरच्या वस्तीपर्यंत जातो. म्हणून ‘आम्ही तर गावाबाहेर होतो’ हे उत्तर या ठिकाणी लागू पडत नाही.

गाव तर फार लांबही नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी ज्या घरी आम्हाला चहा-पोहे दिले, तिथल्या माऊलींना मी रात्रीच्या आवाजाबद्दल विचारले. त्या आधी, ‘नाही ताई, आमचं काय, तुम्ही पाव्हणे,’ एवढेच म्हणाल्या. बऱ्याच वेळाने, भांडी आवरता आवरता, त्यांनी सांगितले की घरात बाळंतीण आहे आणि हंगामातील प्रत्येक शनिवारी असेच असते. पावसाळ्यापूर्वीचे हे दिवस शेतीच्या तयारीचे असतात, माणसे पहाटे उठून कामाला लागतात. काजव्यांच्या या काही आठवड्यांत जेवण, तंबू, वाटाड्याचे काम यांतून चार पैसे मिळतात आणि ते पैसे आपल्यासारख्या कंपन्यांमार्फतच येतात, त्यामुळे तोंड उघडणे या लोकांना परवडत नाही. गावातून कधीच तक्रार आलेली नाही, असे सहलप्रमुख मला म्हणाले होते. ज्याची रोजी आपल्या हाती आहे त्याचे मौन संमती म्हणून मोजणे योग्य नाही, एवढे मी येथे आग्रहाने सांगू इच्छिते. या पत्रातील सर्वांत गंभीर मुद्दा मला हाच वाटतो, कारण माझी एक रात्र वाया गेली, पण त्या घराच्या सगळ्या शनिवारच्या रात्री जात आहेत.

आता ज्या जिवांच्या नावावर ही सहल विकली जाते त्यांच्याविषयी. काजव्यांचे लुकलुकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. प्रौढ काजव्याला त्यासाठी मिळणारा काळ जेमतेम काही आठवड्यांचा असतो आणि कृत्रिम प्रकाशात हे संकेत दिसेनासे होऊन मीलन अडते. आपले फिरते रंगीत दिवे थेट झाडीवर पडत होते. आवाजाचा फटका इतरांना बसतो. रातवा हा पक्षी घरटे न बांधता उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर, पाचोळ्यात अंडी घालतो आणि रात्रभर एका लयीत बोलत राहतो. घुबड अंधारात उंदराची खसखस कानाने टिपून शिकार करते. बेडकाच्या नराचा आवाज मादीपर्यंत पोहोचला नाही तर त्याचा पाऊसकाळ फुकट जातो. सतत चालणाऱ्या मोठ्या आवाजाखाली हे सगळे आवाज बुडतात. युरोपातील लायडेन शहरात गोंगाट असलेल्या भागांतील वल्गुली पक्षी आपले गाणे वरच्या पट्टीत गातात, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले गेले आहे. तेथील पक्ष्यांना निदान पट्टी बदलण्याइतका अवधी मिळाला. शनिवारी रात्री अचानक सुरू होणाऱ्या स्पीकरपुढे रातव्याने काय करावे? माझे वडील त्या रात्री उशिरापर्यंत खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांना एकही रातवा ऐकू आला नाही.

कायद्याची बाजूही आपल्या नजरेस आणणे आवश्यक आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार ध्वनिवर्धक वापरण्यासाठी सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत बंदिस्त सभागृहासारख्या जागा वगळता तो वाजवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 रोजी ध्वनिप्रदूषणाबाबत दिलेल्या निकालात ही वेळेची मर्यादा उचलून धरली आणि आपल्या भाषणस्वातंत्र्याच्या नावाखाली दुसऱ्याला ऐकण्याची सक्ती करता येत नाही, हेही स्पष्ट केले. अभयारण्यातील प्रवेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली परवान्याच्या अटींवर मिळतो. आपल्याकडे त्या रात्रीची ध्वनिवर्धकाची लेखी परवानगी होती का, आणि असल्यास ती कोणत्या वेळेपर्यंत होती, याची प्रत मला मिळावी. शिवाय शांततेचे वर्णन करून शुल्क घेणे आणि प्रत्यक्षात त्याच्या उलट सेवा देणे हे ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सेवेतील त्रुटी तसेच दिशाभूल करणारी जाहिरात या दोन्हींत मोडते, असे माझे म्हणणे आहे.

बहुतांश ग्राहकांना गाणी-नृत्य हवेच असते, असे आपण म्हणाल याची मला कल्पना आहे. आनंदाला माझा विरोध नाही. शेकोटीभोवती बसून कुणी भावगीत म्हटले, मुले खिदळली, मित्रांच्या गप्पा रंगल्या, तर त्या आवाजाने कुणाची रात्र बिघडत नाही, कारण माणसाच्या गळ्याला आणि हाताच्या टाळीला एक मर्यादा आहे आणि गाणारा दमला की ती आपोआप पाळली जाते. विजेवर चालणाऱ्या स्पीकरला अशी मर्यादा नसते. ती वाजवणाऱ्याने घालून घ्यावी लागते. ज्यांना रात्रभर नाचायचे आहे त्यांच्यासाठी शहराजवळच्या बंदिस्त सभागृहात स्वतंत्र कार्यक्रम ठेवा आणि त्याच नावाने विका. शांतता मात्र दुसरीकडे नेऊन विकता येत नाही. ती जिथे उरली आहे तिथेच जावे लागते आणि एका गटाने ती मोडली की त्या रात्रीपुरती ती खोऱ्यातल्या सगळ्यांसाठी मोडते.

लोकांना सांगून काही उपयोग होत नाही, हे सहलप्रमुखांचे दुसरे म्हणणेही मला पटलेले नाही. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या म्यूर वूड्स या रेडवूड वृक्षांच्या राईत केवळ शांतता राखण्याची विनंती करणाऱ्या पाट्या लावून अभ्यासकांनी मोजणी केली, तेव्हा तेवढ्यानेही लोकांचा आवाज मोजता येईल इतका खाली आला होता. आपल्याकडे तर सह्याद्रीतल्या देवराईत शिरताना चपला बाहेर काढणारी आणि आपोआप हळू बोलू लागणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आले आहे. सांगणारा स्वतः शांत असेल तर लोक ऐकतात. आपल्या स्वयंसेवकाच्या पाठीवरच स्पीकर असेल, तर प्रवाशांना कोण सांगणार?

यावर माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. आमच्या तिघांच्या शुल्कापैकी निम्मी रक्कम परत मिळावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, अभयारण्याच्या परिसरातील आपल्या कोणत्याही सहलीत ध्वनिवर्धक आणि रंगीत दिवे नेले जाणार नाहीत, वाटेत वैयक्तिक स्पीकर वाजवू दिला जाणार नाही, आणि रात्री दहानंतर मुक्कामी शांतता पाळली जाईल, हे आपण लेखी कळवावे आणि तीच अट नोंदणीच्या पानावर पैसे भरण्याआधी दिसेल अशी छापावी, म्हणजे ज्याला ती मान्य नसेल त्याचीही फसवणूक होणार नाही. सहलप्रमुखांना गट आवरण्याचे अधिकार आणि प्रशिक्षण द्यावे. आमचे सहलप्रमुख वाईट गृहस्थ नव्हते, पण गाणी बंद केली तर कार्यालयाकडे ग्राहकांच्या तक्रारी जातील, ही भीती त्यांनी माझ्याजवळ बोलून दाखवली होती. तसेच ज्या गावात आपण मुक्काम करता तेथील लोकांना, पुढच्या हंगामाचे काम जाईल असे न वाटता, आपली अडचण सांगता येईल अशी एखादी व्यवस्था ग्रामपंचायतीमार्फत करावी. त्या घरातील माऊलींनी माझ्याकडे तक्रार केलेली नाही, मी विचारले म्हणून त्या बोलल्या. त्यामुळे या पत्रावरून त्या गावातील कुणालाही जाब विचारला जाऊ नये, अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

या पत्राचे लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे. ते न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन आणि परवानगीच्या मुद्द्यावर वनखात्याला स्वतंत्रपणे कळवीन. नोंदणीची पावती, जाहिरातीची प्रत आणि त्या रात्री साडेबारानंतर तंबूतून केलेले ध्वनिमुद्रण सोबत जोडले आहे. ध्वनिमुद्रण दोन मिनिटांचे आहे, ते आपण स्वतः पूर्ण ऐकावे.

कळावे,

आपली,
सहलीतील एक ग्राहक

सोबत : वर नमूद केल्याप्रमाणे.