एचझेड हर्क्युलिसची 'बंद' वर्षं

प्रिय ताई,

मेसेज करून आभार मानले असते तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तू विषय संपवला असतास. म्हणून हे जाहीर पत्र. आता ऐकून घ्यावंच लागेल.

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी हर्क्युलिस एक्स-1 हा क्ष-किरण देणारा जोडतारा घेतला, तेव्हा हाताशी मॅक्सी या क्ष-किरण दुर्बिणीचा डेटा होता. अवकाश स्थानकावरून 2009 पासून टिपलेला, आयता. त्यातला न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा, 1.24 सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारतो, 1.7 दिवसांत जोडीदारासोबतची प्रदक्षिणा पुरी करतो, आणि क्ष-किरण 35 दिवसांच्या चक्रात वाढतात, मावळतात. हे 35 दिवसांचं प्रकरण काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं. तू म्हणालीस, "सायकलचं चाक आऊट झालं की कसं डुगडुगतं? ताऱ्याभोवतीची वायूची चकती तशीच वाकडी आहे. डुलत डुलत आडवी येते नि ताऱ्याला झाकते." झालं, शिरलं.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. "एवढ्याशा डेटावर 'दीर्घकालीन' हा शब्द लिहू नकोस," असं बजावून तू हार्वर्डच्या काचेच्या प्लेट्स, म्हणजे काचेवर टिपलेले आकाशाचे जुने फोटो, उघडून दिल्यास. 1885 सालापासूनच्या, स्कॅन झालेल्या चार लाखांहून जास्त. क्ष-किरण टिपायला तेव्हा होतं कोण? क्ष-किरण पाहणारा पहिला उपग्रह, उहुरू, सुटला तो 1970 च्या डिसेंबरात. जोडीदार तारा, एचझेड हर्क्युलिस, मात्र साध्या प्रकाशात दिसतो. त्याची न्यूट्रॉन ताऱ्याकडची बाजू क्ष-किरणांनी तापून उजळते. ती आपल्याकडे वळली की तारा तेराव्या प्रतीचा, पाठ फिरवली की पंधराव्या प्रतीच्या जवळपास (प्रतीचा आकडा मोठा, तर तारा मंद). हा चढउतार दिसला की समजायचं, क्ष-किरण चालू आहेत.

पांढुरक्या निगेटिव्हवर काळे ठिपके. तू शेजारचे दोन तारे दाखवलेस, एकाचा ठिपका मोठा म्हणजे तारा तेजस्वी, एकाचा लहान म्हणजे मंद, आणि "आता आपला किती ते तू सांग" म्हणून गप्प बसलीस. प्लेटमागून प्लेट ठिपका लहानमोठा होत होता. मग 1950 च्या आसपासच्या प्लेट्स आल्या आणि तो बदलेचना. कुठलीही तारीख घ्या, लहान तो लहानच. 1983 मध्ये एक्सोसॅट या क्ष-किरण उपग्रहाला या न्यूट्रॉन ताऱ्याचे क्ष-किरण जवळपास दिसेनासे झाले होते, तरी जोडीदार नेहमीसारखा तापत होता. म्हणजे स्रोत चालू, आपल्या बाजूला फक्त चकतीचा आडोसा. 1950 च्या आसपासच्या वर्षांत मात्र जोडीदाराचं तापणंच थांबलेलं. जोडीदाराकडून चकतीत येणाऱ्या वायूचा पुरवठाच आटला असावा, हा तुझा तर्क मला पटतो आणि रिपोर्टात तो तुझ्या नावानं घातलाय.

स्कॅन करण्याआधी काचेवरच्या शाईच्या जुन्या खुणांचे फोटो काढून मग त्या पुसल्या, हे तू सांगितलंस तेव्हा मला उगाचच वाईट वाटलं होतं. त्या खुणांचे फोटोही तू शोधून पाठवलेस, तेही रात्री, स्वतःच्या थिसिसची डेडलाइन डोक्यावर असताना. त्याबद्दल वेगळे आभार.

व्हायवा छान झाली. पुढच्या बॅचच्या एका मुलीला असाच एक जोडतारा हवाय, तिला तुझा नंबर दिलाय. नाही म्हणू नकोस.

तुझी,
धाकटी