सूचना : शनिवारी मूडलवर प्रश्नपेढीचा सराव

सर्व प्राध्यापक सहकाऱ्यांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी १०.३० ते १ या वेळेत, दुसऱ्या मजल्यावरच्या संगणक प्रयोगशाळेत मूडलवर (ऑनलाइन शिकवण्याच्या व चाचण्या घेण्याच्या प्रणालीवर) चाचणी तयार करण्याचा सराव आहे. भाषणं नाहीत, प्रत्येकाने आपल्याच विषयावर काम करायचं. तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांनीही जरूर यावं.

येताना :

- एका घटकावरचे दहा बहुपर्यायी प्रश्न टाइप करून आणा. प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चुकीचा, हे एका ओळीत लिहा. चाचणीत तशी सोय ठेवली की विद्यार्थ्याला ते लगेच दिसतं. खरा फायदा तिथेच आहे, गुण आपोआप मोजले जाण्यात नाही.
- मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. श्रीलिपीतल्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या, जुन्या नोट्स तशाच चिकटवल्या की पडद्यावर भलतीच अक्षरं उमटतात. अशा फायली गुरुवारपर्यंत पाठवा, रूपांतर करून ठेवू.
- नोट्सचे मोबाइलवर काढलेले फोटो चढवू नका. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) ते नीट ऐकता येत नाहीत.
- पासवर्ड विसरला असेल तर शुक्रवारी दुपारपर्यंत कळवा. शनिवारी त्यात वेळ घालवणार नाही.

संगणक ३०च आहेत, त्यामुळे येणाऱ्यांनी नाव याच गटावर टाकावं. स्वतःचा लॅपटॉप आणणाऱ्यांना ही अट नाही. चहा आहे.

– समन्वयक